डोळ्याच्या डॉक्टरकडे जाताना

(रौप्यमहोत्सवी वर्षातील नेत्रतपासणी शिबिराच्या आधीच्या रविवारी सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून लिहून दिले आहे. बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



सेक्रेटरी भाऊंनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. म्हणाले, "मॅडम, पुढच्या रविवारी शिबिर आहे. डॉक्टर येतील, तपासतील, जातील. पण लोकांनी तयारी काय करून यायची ते तुम्ही सांगा. तुमची नोकरीच त्यातली." नोकरी त्यातली होती हे खरं. १९८८ साली मी नेत्र चिकित्सा सहाय्यक म्हणून लागले, तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता, आपण भंडाऱ्यात होतो. १ मे १९९९ ला जिल्हा झाला, पुढच्या वर्षी आपली सोसायटी रजिस्टर झाली. तेव्हा इथे धानाचे बांध होते आणि पलीकडच्या राईस मिलचा कोंडा दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांवर येऊन बसायचा, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. मधल्या काळात आमच्या पदाचं नाव बदलून 'अधिकारी' झालं. काम तेच राहिलं: नंबर काढायचा, टॉर्चने डोळा बघायचा, प्रेशर मोजायचं, शाळा तपासायच्या, शिबिरातल्या म्हाताऱ्यांना गाडीत बसवून ऑपरेशनला न्यायचं आणि परत गावात सोडायचं.

तयारी म्हणजे काय, असं तुम्ही म्हणाल. डोळे तर चेहऱ्यावरच आहेत, घेऊन गेलं की झालं! माझंही तसंच मत होतं. ते कसं बदललं ते सांगते, पण थोडं थांबून.

आधी हे बघा. लोक डोळ्याच्या डॉक्टरकडे कसे येतात? छान अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून, बायाबापड्या काजळ घालून. (काजळ, सुरमा नको त्या दिवशी. तपासणीत तेच आधी दिसतं.) कोणी सांगितलेलं असतं म्हणून उपाशी पोटी. रक्त तपासायला जातो तसं. मग रांगेत अकरा वाजतात आणि शुगरवाले काका घाम येऊन बाकावर आडवे होतात. डोळ्याच्या साध्या तपासणीला उपास लागत नाही. जेवून या, शुगरची आणि बीपीची गोळी रोजच्यासारखी घेऊन या. कोणत्या खास तपासणीला उपाशी यायचं असेल तर डॉक्टर तसं स्वतः सांगतात.

आणि येताना काय आणत नाहीत? चष्मा. जुना चष्मा घरी ठेवून येतात. "नवीनच करायचा आहे न मॅडम, जुना कायले आणू?" अहो, जुन्या चष्म्यात तुमचा इतिहास असतो. मशीनखाली धरला की दोन वर्षांपूर्वी किती नंबर होता ते कळतं, आणि आता किती वाढला, कोणत्या डोळ्यात जास्त वाढला, हे समजतं. घरात जेवढे असतील तेवढे आणा. काडी तुटलेला आणा, दोऱ्याने बांधलेला आणा, रेल्वेत फेरीवाल्याकडून घेतलेला आणा. आपल्या भाषेत जवळच्या चष्म्याला 'चाळिशी' असंच नाव आहे, म्हणजे आपल्या पूर्वजांनाही हिशोब ठाऊक होता की चाळीसच्या आसपास पोथीचं अक्षर लांब धरावं लागतं. तो फेरीवाल्याचा चष्मा घातल्याने डोळे जात नाहीत. पण दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो त्यात, आणि "वाचता येतं म्हणजे डोळे चांगले" अशी समजूत होते. काचबिंदूवाल्याला सुद्धा शेवटपर्यंत पेपर वाचता येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे तक्रार. डॉक्टर विचारतात, "कधीपासून त्रास आहे?" उत्तर येतं, "लय दिवस झाले जी." यातून डॉक्टर काय समजणार? मी माझ्या टेबलावर वेगळं विचारायची. रोवणीच्या आधी दिसत होतं का? पोळ्याला बैलांची झूल दिसली का? मंडईत दंडार बघितली तेव्हा तोंडं ओळखू आली की नुसत्या आवाजावरून ओळखलं? मग बरोबर उत्तर येई. "मंडईत दिसत होतं जी, संक्रांतीपासून नाही." आता मला कळलं की तीन महिन्यांत काहीतरी झालं. तीन महिन्यांत कमी होणं आणि तीन वर्षांत कमी होणं, हे दोन वेगळे आजार असतात. म्हणून घरून निघण्याआधी एका चिठ्ठीवर लिहा: कोणता डोळा, कधीपासून, हळूहळू की एकदम, दुखतं का, दिवसा जास्त की रात्री. चार ओळी पुरेत.

कोणता डोळा हे लोकांना माहीत नसतं, हे ऐकून आश्चर्य वाटेल. पण दोन डोळे एकमेकांचं झाकून नेतात, घरातल्या भावांसारखे. एक कमावतो, एक बसून खातो, बाहेर कळत नाही. चांगल्या डोळ्यात कचरा गेला, तो मिटला, की माणूस ओरडतो, "मी आंधळा झालो!" दुसरा कधीचाच गेलेला असतो. आज घरी गेल्यावर एवढं करा. भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर नेहमीच्या अंतरावर उभे राहा, चष्मा असेल तर लावून, आणि हाताच्या तळव्याने एक डोळा झाका. दाबू नका, नुसता झाका. मोठी तारीख दिसते का, खालची बारीक तिथी दिसते का? मग दुसरा डोळा झाका. दोन्हींत फरक वाटला तर चिठ्ठीवर लिहा. रेघा वाकड्या दिसल्या, चौकटीचा मधला भाग पुसल्यासारखा वाटला, तेही लिहा.

मुलांसाठी थोडं वेगळं. सालेकसा-देवरीकडच्या शाळा तपासायला जायचे तेव्हा वर्गातली पोरं रांगेत उभी असायची आणि पुढच्याने वाचलेलं मागचा पाठ करायचा. एक मुलगा माझ्यासमोर आला आणि डोळा झाकायच्या आतच सगळा तक्ता धडाधड म्हणून मोकळा झाला, पाढ्यासारखा! मी तक्ता उलटा केला, तर तो तेच म्हणत होता. नंतर मी दोन वेगळे तक्ते ठेवू लागले. तो तक्ता, ज्याला आपण सहा-बाय-सहा म्हणतो, १८६२ साली स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरांनी काढला. चांगल्या डोळ्याला जी ओळ साठ मीटरवरून वाचता येते, ती तुम्हाला सहा मीटरवर येऊन वाचावी लागते, म्हणजे ६/६०. एवढाच अर्थ. ती काही परीक्षा नाही. पण पोराला वाटतं नापास झालो तर बाबा रागावतील, आणि आजोबांना वाटतं सुनेसमोर इज्जत जाईल. म्हणून अंदाजाने ठोकून देतात. तसं करू नका. दिसत नाही तिथे "दिसत नाही" म्हणा. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी तीन दांड्यांच्या ई-चा तक्ता असतो, दांड्या कोणत्या बाजूला आहेत ते बोटांनी दाखवायचं. तिथे आमच्या म्हाताऱ्या बाया शिकलेल्यांपेक्षा खरं सांगायच्या, हे मुद्दाम सांगते.

लहान मुलांना "डॉक्टर सुई देतील" म्हणून घाबरवू नका. चष्मा काढण्याआधी काही मुलांना घरी दोन-तीन दिवस ॲट्रोपिनचं मलम किंवा थेंब घालायला देतात. त्यानंतर आठ-पंधरा दिवस जवळचं धूसर दिसू शकतं. घटक चाचणीच्या आठवड्यात हे करू नका, आणि शाळेत बाईंना चिठ्ठी द्या.

मोठ्यांनाही बाहुली मोठी करायचे थेंब घालतात. दाराच्या फटीतून खोली बघणं आणि दार उघडून बघणं यात जेवढा फरक, तेवढा फरक बाहुली लहान असताना आणि मोठी केल्यावर पडदा बघण्यात असतो. थेंब घातले की चार-सहा तास जवळचं वाचता येत नाही आणि उजेड सहन होत नाही. म्हणून गाडी घेऊन एकटे जाऊ नका. इथून नागपूर सुमारे १३० किलोमीटर. सकाळच्या गाडीने पडद्याच्या डॉक्टरकडे जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, स्टेशनवर समोरून येणाऱ्या इंजिनचा दिवा थेट डोळ्यात. सोबत माणूस पाहिजेच. काळा चष्मा किंवा छत्री, आणि पूर्ण दिवस मोकळा. "दोन वाजता बँकेत सही करायची आहे" असं ठरवून येऊ नका. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्या मुलींनी आधी फोन करून किती दिवस बंद ठेवायच्या ते विचारावं, लेन्स घालून गेलं की नंबर आणि मापं दोन्ही चुकू शकतात.

आता पिशवीकडे येते. आणि आता ती थांबवलेली गोष्टही सांगते.

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले आहेत. पोरांचे आबाजी. गेटजवळच्या कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसायचे ते. २००३ मध्ये सासूबाई गेल्या आणि ते गावाहून आमच्याकडे राहायला आले. पण धानाचा जीव सुटला नव्हता. कापणीला आणि मळणीला गावी जायचेच, पुंजणं रचताना उभे राहायचे. त्या कोंड्याने डोळे लाल व्हायचे, खाजायचे. गावात कोणीतरी एका दुकानातून डोळ्याचा एक थेंब आणून दिला. घातला की दोन मिनिटांत लाली गायब. जादूच! इथे आल्यावरही तो थेंब चालू राहिला. मला माहीत नव्हतं. रिकामी बाटली हातात द्यायचे आणि माझ्याच मुलाला पाठवायचे, "हेच घेऊन ये, उरलेल्या पैशाचं चॉकलेट तुला." चार वर्षं.

चार वर्षांत ते हळूहळू बाजूच्या माणसाला धडकायला लागले. चहा कपाबाहेर सांडायचा. पायरी चुकायची. मी टॉर्चने बघितलं, मोतीबिंदू दिसला. खरंच होता. आणि मी, जी दिवसाला साठ डोळे बघायची, ती तिथेच थांबले. मोतीबिंदू आहे, म्हणून दिसत नाही, विषय संपला. "ऑपरेशन करू मामाजी," म्हटलं. ते म्हणाले, "पिकू दे न बाई. धान घरी येऊ दे, थंडी पडू दे, मंग जाऊ." मी 'हो' म्हटलं. पिकायची वाट बघण्याचे दिवस कधीच गेले हे मला माहीत होतं. जुन्या पद्धतीत पूर्ण भिंग काढायचे आणि नंतर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा द्यायचे, त्यामुळे फार कमी दिसेपर्यंत थांबत. १९४९ साली लंडनमध्ये रिडली नावाच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या आत पहिलं कृत्रिम भिंग बसवलं, ती पद्धत आपल्याकडे सर्रास होऊनही तेव्हा बरीच वर्षं झाली होती. फार पिकलेला मोतीबिंदू उलट काढायला कठीण जातो. थंडीचाही काही संबंध नाही. हे सगळं मी गावागावांत माईक घेऊन सांगायची. घरी मात्र दिवाळी जाऊ दिली.

शेवटी नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी प्रेशर मोजलं. साधारण एकवीसपर्यंत चालतं, ते अडतीस निघालं. डोळ्याची नस आत खोल गेलेली, वाटीसारखी. काचबिंदू. डॉक्टरांनी विचारलं, "कोणते थेंब घालता का? स्टेरॉइडचं काही?" मामाजी म्हणाले, "नाही जी." त्यांना थेंब म्हणजे औषध वाटतच नव्हतं, ते तर कचरा गेल्यावर घालायचं पाणी! डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी पण ठामपणे सांगितलं, "नाही सर, मी घरातच असते न, मला माहीत असतं."

हे वाक्य मी विसरलेले नाही.

काचबिंदूचे थेंब सुरू झाले. तीन वेळा नागपूर झालं. प्रेशर हवं तेवढं उतरेना. डॉक्टर औषध वाढवत होते, आम्ही आणत होतो. पुढच्या दिवाळीत साफसफाई करताना मामाजींच्या कोटाच्या आतल्या खिशात तंबाखूच्या डबीशेजारी ती बाटली सापडली. नाव वाचलं, शेवटी '-मेथासोन'. मी तिथेच पलंगावर बसले. मुलगा तेव्हा नववीत. म्हणाला, "आई, ते तर मीच आणतो." त्याचा काय दोष!

स्टेरॉइडचा थेंब वाईट नसतो, हे नीट ऐका. ऑपरेशननंतर तोच लागतो, सूज उतरवायला त्याच्यासारखं औषध नाही. पण तो डॉक्टरांच्या नजरेखाली, ठराविक दिवस. महिनोन्महिने घातला तर काही लोकांच्या डोळ्यातलं प्रेशर चढतं, दुखत नाही, लाल होत नाही, उलट डोळा पांढराशुभ्र छान दिसतो, आणि आतली नस वाळत जाते. मोतीबिंदूही त्यानेच लवकर येतो. मी टॉर्चने जो मोतीबिंदू बघून समाधान मानलं, तोही बहुधा त्याच बाटलीतला होता. बाटली बंद केली, प्रेशर उतरलं. मोतीबिंदूही काढला. पण उजवा डोळा गेला तो गेलाच. नस परत उगवत नाही. डावा राहिला, तोही नळीतून बघावं इतकाच. त्या नळीतून ते २०१४ पर्यंत जगले. गेटजवळून जाताना तुम्ही पोरं त्यांच्या अगदी समोर येऊन "आबाजी" म्हणायची, बाजूने नाही. कोणी शिकवलं होतं तुम्हाला कोण जाणे. मी नव्हतं सांगितलं.

म्हणून पिशवी. घरात डोळ्याचे जेवढे थेंब, मलम असतील ते सगळे त्यात टाका. रिकामी बाटली टाका, नाव पुसलेली टाका, शेजाऱ्याने दिलेली टाका. ज्या नावाच्या शेवटी '-सोन' किंवा '-सोलोन' असं शेपूट आहे ती तर आधी टाका, आणि स्वतः ठरवू नका की चालू ठेवायची की बंद करायची, डॉक्टरांना दाखवा. मध घालत असाल, एरंडेल घालत असाल, बाळंतिणीचं दूध घातलं असेल, तर तेही सांगा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. रागावले तर रागावले.

पोटातल्या गोळ्याही त्याच पिशवीत. इथे पुरुष मंडळी माझ्याकडे बघा, खाली बघू नका. लघवीच्या त्रासाला, प्रोस्टेटला टॅमसुलोसिन नावाची गोळी देतात. बरेच काका घेतात, कोणी बोलत नाही. ती गोळी घेणाऱ्याची बाहुली मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये ढिली पडते, मध्येच आकसते. ऑपरेशन करणाऱ्याला आधी माहीत असलं की तो त्याची तयारी ठेवतो, माहीत नसलं की ऐन वेळी घोटाळा. २००५ साली हे डॉक्टरांच्या लक्षात आलं, तेव्हापासून विचारतात. विचारलं तर सुनेला बाहेर पाठवा, पण सांगा. सांधेदुखीला हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू असेल तर सांगा, त्यासाठी पडदा ठराविक काळाने तपासावा लागतो. टीबीचा कोर्स चालू असेल तर सांगा, त्यातल्या इथॅम्ब्युटॉलने क्वचित नजर आणि रंग ओळखणं बिघडतं. त्या गोळ्या आपल्या मनाने बंद मात्र करायच्या नाहीत. आपल्या भागात सिकलसेल आहे, ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांनी ते आणावं, पडद्याच्या बारीक नसांवर त्याचा परिणाम होऊ शकतो.

शुगरवाल्यांनी शेवटचे दोन-तीन रिपोर्ट आणा. शुगर वर-खाली होत असताना नंबर काढला तर तो महिन्याभरात चुकतो, चष्म्याचे पैसे वाया. आणि दिसायला सगळं ठीक असतानाही वर्षातून एकदा पडदा बघून घ्यायचा. पडद्यावर रक्त उतरायला लागतं तेव्हा सुरुवातीला कळत नाही.

घराण्याचंही विचारून या. आई-वडिलांपैकी, भावंडांपैकी कोणाला काचबिंदू होता का? जुन्या पिढीत 'काचबिंदू' म्हणत नसत. "बाबा शेवटी आंधळे झाले होते" एवढंच असतं. म्हाताऱ्या आत्याला फोन लावा, तिला माहीत असतं. आमच्या घरात मामाजींच्या काकांनाही शेवटी दिसत नव्हतं, हे मला त्यांच्या तेरवीला कळलं. माझे यजमान आणि मुलगा आता दरवर्षी प्रेशर तपासतात.

बायांसाठी वेगळं काही सांगायचं नाही, एकच. "आधी यांचं होऊ द्या, मंग माझं" हे तुम्ही पंधरा वर्षं म्हणता. यांचं कधी होतच नाही. नाव आजच द्या, वहीत दोन्ही नावं एकाखाली एक लिहा.

आता ज्यांना रविवारची वाट बघायची नाही त्यांचं. डोळ्यासमोर अचानक काजव्यासारखी चमक, काळे ठिपके एकदम वाढले, बाजूने पडदा आल्यासारखा वाटला, तर त्याच दिवशी जा. डोळा लाल, डोकं फाटतं, उलटी, दिव्याभोवती रंगीत कडं, हे पित्त नाही, त्याच दिवशी जा. धानाचं कुसळ, तूस डोळ्यात गेलं आणि दुसऱ्या दिवशीही टोचतं, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो, तर दुकानातला थेंब घालू नका. त्या तुसासोबत बुरशी आत जाते, आणि स्टेरॉइडचा थेंब म्हणजे त्या बुरशीला खत. आपल्याकडे कापणीनंतर असे डोळे दरवर्षी यायचे, माझ्याकडे पोचेपर्यंत आठ दिवस गेलेले असायचे. आणि तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब पोरांच्या हाती देऊ नका. दाबली की सरळ डोळ्यात. तसं झालं तर आधी डॉक्टर नाही, आधी नळ. पापणी उघडून वाहत्या पाण्याखाली अर्धा तास तरी धुवा, मग रिक्षा बोलवा.

शिबिरात मोतीबिंदू निघाला तर पुढे काय, हे काल दोघांनी विचारलं. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन मोफत होतं. आपल्या केटीएस रुग्णालयात सोय आहे, २०१६ पासून गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. खासगीत करायचं असेल तर योजनेत बसतं का ते काउंटरवर आधी विचारा, आधार कार्ड आणि रेशन कार्ड सोबत ठेवा. कोणतं भिंग घालणार, त्याचं नाव काय, हे विचारायला लाजू नका. निघताना एक प्रश्न नक्की विचारा, "परत कधी येऊ?" आणि चिठ्ठीचा फोटो मुलाच्या मोबाईलमध्ये काढून ठेवा. चिठ्ठी हरवते, पोरं मोबाईल हरवत नाहीत.

पंधरा मिनिटं कधीच झाली, सेक्रेटरी भाऊ घड्याळ दाखवत आहेत. रविवारी सकाळी नऊ वाजता दाराजवळच्या टेबलावर मी बसणार आहे. डॉक्टरांकडे जाण्याआधी पिशवी माझ्याकडे रिकामी करायची.

(ता. क. भाषण झालं तेव्हा टाळ्या मिळाल्या, पण पिशव्या येतील याची खात्री नव्हती. रविवारी पहिला नंबर तिसऱ्या गल्लीतल्या आजींचा. त्यांनी स्टीलचा डबा आणला होता, झाकण काढून टेबलावर उपडा केला. अकरा बाटल्या निघाल्या. चार मुदत संपलेल्या, दोन कानाच्या, एक कशाची ते कोणालाच वाचता आलं नाही, आणि एक '-सोलोन'. "ही कुठून आणली आजी?" मी विचारलं. म्हणाल्या, "ते मागच्या साली नातवाचे डोळे आले होते न, त्याची उरली होती. फेकायची कशी, अर्धी भरली होती." आजींचं प्रेशर मोजलं. सोळा आणि सतरा. बाटली मी ठेवून घेतली.)